आईच्या सहीचा अर्ज

सिरियलमध्ये गंभीर आजार दाखवावेत की नाहीत, या विषयावर आमच्या कँटीनमध्ये माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. महाळुंग्यातली आमची कंपनी ब्रेकच्या नळ्या बनवते आणि मी क्वालिटीत आहे. म्हणजे नळी पाण्यात बुडवायची, हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि ते तो जेवताना सांगतोच. माझं मत होतं की दाखवू नयेत. दिवसभर उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी ताटावर बसतो, तर समोर टीव्हीत सलाइनची बाटली लटकतेय. ही काय पद्धत झाली?

"मग बघू नको ना, राव," प्रेस शॉपमधला माझा मित्र म्हणायचा. आम्ही दोघं वीस वर्षं एकाच टेबलावर डबा खातोय.

"मी कुठं बघतो? आई बघते. मी नुसता शेजारी बसतो."

हे खोटं होतं. मी डोळे फाडून बघायचो. कंपनीची बस सव्वासहाला कासारवाडीत सोडायची आणि सात वाजता मी आईशेजारी दिवाणावर हजर असायचो. आमचं घर रेल्वेलाइनला इतकं लागून आहे की लोणावळ्याची गाडी गेली की टीव्हीतली माणसं नुसती तोंडं हलवतात. गाडी गेल्यावर आई विचारायची, "काय म्हनली रं ती?" आणि मी मनानंच संवाद तयार करून सांगायचो. नायिका नवऱ्याला म्हणाली, दळण आणायला विसरू नका. खलनायिका म्हणाली, माझी कंबर धरलीय. आई म्हणायची, "गप रं मेल्या," आणि तोंडाला पदर लावून हसायची. बायको शाळेच्या वह्या तपासत आतून ओरडायची, "अहो, त्यांना नीट बघू द्या ना."

आई मूळची निघोज्याची. चौथी शिकलेली, सही करणारी. ती बोलायची कमी. पण सिरियल लागली की त्या बायकांवरून सगळं बोलून घ्यायची. "ह्या बाईला नवऱ्यानं कदी इचारलंच न्हाई, जेवली का म्हनून," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा बायको वही बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मी मात्र "तिला डाएटिंग आहे" म्हणून मोकळा झालो.

तर त्या सात वाजताच्या सिरियलमध्ये नायिकेची सासू होती. भली बाई. झोपतानासुद्धा जरीची साडी. एके दिवशी तिला अंघोळ करताना छातीत गाठ लागली. मग आठवडाभर ती आरशासमोर उभी राहून डोळे पुसत होती आणि घरात कुणाला सांगत नव्हती. माझ्यासारख्याला आयतंच कुरण मिळालं. आता बघ, डॉक्टर चष्मा काढणार. आता बघ, खिडकी आपटणार. आता हिचे केस जाणार, मग ही देवळात घंटा वाजवणार, मग केस परत येणार. मी पुढचे तीन महिने तिथल्या तिथे सांगून टाकले.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी आईनं विचारलं, "आसं दुखत नसतानाबी आसतंय का रं ते?"

"काय?"

"ह्या बाईला दुखत न्हाई म्हनत्यात. तरी आसतंय का?"

"अगं आई, सिरियलमध्ये सगळं असतं. त्या बाईचं काम संपत आलं असेल, म्हणून तिला आजारी पाडलंय. खऱ्यात असं काही नसतं."

"व्हय का," आई म्हणाली.

तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती. एक काडी तिनं बराच वेळ हातात नुसती धरून ठेवली होती, असं मला आज आठवतं. पण ते खरंच आठवतंय की नंतर मीच रचलंय, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. मी रचण्यात पटाईत आहे, हे वर आलंच आहे.

त्यानंतर आईचं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी ताटात राहायची. रात्री कूस बदलत राहायची. आता आमच्या कंपनीत एक रीत आहे. कस्टमरची तक्रार आली की पाच वेळा 'का' विचारायचं. नळी का गळाली? जोड सैल होता. जोड का सैल होता? असं करत करत मुळापर्यंत जायचं. मी घरी बसून तेच केलं. आई का जेवत नाही? तिनं धसका घेतलाय. का? सिरियलमध्ये आजार दाखवतात. का दाखवतात? लोकांना रडवायला. का रडवायचं? रडणारा माणूस चॅनेल बदलत नाही. का बदलत नाही? कारण चॅनेलवाल्यांना आजवर कुणी जाब विचारलेला नाही. पाच 'का' पूर्ण झाले. पाचही मुंबईच्या दिशेनं गेले. शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईकडे एकही वळला नाही.

मी अर्ज लिहिला. आमच्या तक्रारीच्या फॉर्मच्या धर्तीवर, रकाने आखून. दोषाचे स्वरूप, दोष आढळल्याचे ठिकाण, तात्काळ करावयाची उपाययोजना. दोष आढळल्याच्या ठिकाणी मी 'दिवाण' लिहिलं होतं. ते बायकोनं खोडायला लावलं. मग मला आणखी एक शक्कल सुचली. पन्नाशीच्या पुरुषाची तक्रार कोण वाचणार? म्हाताऱ्या बाईची तक्रार असेल तर दखल घेतील. म्हणून अर्ज मी आईच्या नावानं केला. 'माझ्यासारख्या वृद्ध स्त्रियांना असे आजार पाहून भय वाटते व अन्न गोड लागत नाही. तरी सदर आजार कथेतून ताबडतोब वगळावा, ही नम्र विनंती.'

आईला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला.

"वगळावा म्हंजी?"

"काढून टाकायचा. दाखवायचाच नाही."

"मंग त्या बाईचं काय झालं ते कसं कळायचं?"

"कळायचं कशाला? ती बाई आहे का खरी?"

आईनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पेन पुढे करून उभा होतो. तिनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर काढत सही केली. मी म्हणालो, शाब्बास. मग क्वालिटीवाल्याच्या सवयीनं झेरॉक्स काढली. तीही आईनं मागून घेतली. "माजी सही हाय," ती म्हणाली, "मलाबी ऱ्हाऊ दे एक."

अर्ज पोस्टानं पाठवला, फोटो काढून मेलवरही पाठवला. मेलचं उत्तर त्याच क्षणी आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी ते कँटीनमध्ये चार जणांना दाखवलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. महिनाभरात ती सासू खरोखरच सिरियलमधून गेली. तिची तपासणी व्हायच्या आदल्या भागात परदेशातल्या मुलीचा फोन आला, आणि पुढच्या भागात बाई बॅग घेऊन विमानतळावर. गाठीचा विषय पुन्हा निघालाच नाही. त्या नटीचं पैशावरून बिनसलं असेल, नाहीतर तिला दुसरं काम मिळालं असेल. पण मला कोण सांगणार? मी कंपनीत पेढे नेले.

"भावा, आता ती नायिका रोज रडते, तिचं पण बघ की काहीतरी," मित्र पेढा तोंडात टाकत म्हणाला. मी तेही मनावर घेतलं होतं.

घरी मी आईला म्हटलं, "बघ, तुझ्या सहीनं काम केलं."

"गेली व्हय?" आई म्हणाली. "तपासायच्या आदीच?"

"गेली. सुटलीस."

"बरं," ती म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

पुढे पावसाळा गेला, दिवाळी गेली. आई आपले कपडे हातानंच धुवायची. मशिनमध्ये टाकू द्यायची नाही. ही तिची जुनीच खोड, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. डिसेंबरात एका रविवारी बायको दोरीवरचे कपडे काढत होती. आईच्या पोलक्यावर छातीपाशी एका जागी धुऊनही न गेलेला डाग होता. ती आत गेली. आईच्या खोलीचं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा मी मॅच बघत होतो. तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि माझ्याशेजारी बसली.

"उद्या सुट्टी टाका," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. तपासून झाल्यावर त्या हात धुऊन टेबलापाशी आल्या, पेन उघडलं आणि आईला विचारलं, "आजी, कधीपासून आहे हे?"

"ती सात वाजंची शिरियल हाय बगा," आई म्हणाली, "तिच्यातल्या सासूला झालं, तवापासनं. मला तिच्या आदी चार-पाच दिस."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सिरियलमधली सासू कधी आजारी पडली, हे त्यांना कसं माहीत असणार? त्या खोलीत ती तारीख एकट्या मला ठाऊक होती. अर्जावर 'दोष आढळल्याची तारीख' म्हणून मीच घातली होती, वर उजव्या कोपऱ्यात.

"आठ महिने," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, दुसरे मोठे डॉक्टर आले. मी मोठ्या डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, तेव्हाच आलो असतो तर? ते म्हणाले, "आता आहे ते बघू." त्यांनी चष्मा काढला नाही. कुठली खिडकी आपटली नाही. मागे कुणीतरी लिफ्टसाठी थांबलं होतं आणि त्याच्या पिशवीत केळी होती.

परत येताना रिक्षात मी आईला विचारलं, "सांगितलं का नाहीस गं?"

"सांगत व्हते की," ती म्हणाली. "रोज सातला."

नाशिक फाट्यावर रिक्षा अडकली. गाड्यांचा इतका गोंगाट होता की मला वाटलं तिचं बोलणं संपलं. पण ती बोलतच होती.

"मला वाटलं, ती बाई दवाखान्यात जाईल तवा बगावं. काय करत्यात, दुखतं का, समदं कापत्यात का. बापय डाक्टर आसतो का बाई आसती. मंग सांगावं म्हनलं तुमाला. तर ती गेली इमानात बसून."

बायकोनं तिचा हात धरला होता. मी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होतो.

उपचार सुरू झाले. पहिल्या सलाइनच्या आदल्या संध्याकाळी आई दिवाणावर बसून होती. सिरियल चालू होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "त्या बाईला तिकडं कसं केलं आसंल?"

आणि मी, ज्यानं अर्ज करून तो आजार वगळायला लावला होता, तो मी म्हणालो, "अगं, ते भाग मोबाइलवर आलेत. टीव्हीवर नाही दाखवत, पण मोबाइलवर आहेत. मी बघितले."

"व्हय?"

"मग. सांगतो ना."

दुसऱ्या दिवसापासून मी नर्सला बाजूला घेऊन पुढं काय होणार ते विचारायचो आणि संध्याकाळी ते त्या सासूच्या अंगावर घालून आईला सांगायचो. तिला हातात सुई लावली. औषध लाल रंगाचं होतं, तिला आधी भीतीच वाटली. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. मग तिनं आल्याचा तुकडा चघळला. तिसऱ्या आठवड्यात केस जायला लागले, तेव्हा तिनं मुलीला सांगितलं, थोडे थोडे जाण्यापेक्षा एकदम काढ. आईचे केस बायकोनं काढले तेव्हा आई म्हणाली, "तिचे बी आसेच काडले ना?" मी म्हटलं, अगदी असेच.

माझ्या कथेत चुकाही भरपूर व्हायच्या. एकदा मी त्या सासूला परदेशी दवाखान्यात बाजरीची भाकरी खायला घातली.

"तिकडं बाजरी घावती व्हय?" आईनं विचारलं.

"मुलीनं नेली होती इथून."

"इमानात?"

"पिठाच्या डब्यात."

"पोरगी गुनाची हाय," आई म्हणाली. आत बायको हसली की रडली, ते मला कळलं नाही.

फेब्रुवारी संपता संपता डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं. आता सलाइन थांबवू, म्हणाले, घरी ठेवा, त्रास कमी व्हायचं औषध देतो. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "पुडं काय झालं तिचं?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे संवाद नव्हता. मी म्हणालो, "पुढचा भाग अजून आला नाही."

"आला आसंल," आई म्हणाली. "तुला दाखवायचा न्हाई."

लोणावळ्याची गाडी गेली. ती गेल्यावर आईनं 'काय म्हनली रं ती' असं विचारलं नाही.

आईची कॉट आता आम्ही हॉलमध्ये आणली होती. आठ-दहा दिवसांनी सात वाजता सिरियल लागली आणि दारात तीच सासू उभी. हातात बॅग, तब्येत उत्तम, कमरेपर्यंत केस. चॅनेलवाल्यांचं आणि तिचं जमलं असावं. नायिकेनं ओवाळलं, सगळे रडले, बाईनं सगळ्यांना चॉकलेटं वाटली. गाठीचं कुणी नाव काढलं नाही. माझी सुई, लाल औषध, बाजरीचं पीठ, सगळं तिथल्या तिथे उघडं पडलं. मी रिमोटकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

तिनं पूर्ण भाग बघितला. जाहिरातीसुद्धा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्या पोरानंबी आर्ज केला व्हता वाटतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. हसताना तिच्या कुशीत कळ यायची, म्हणून हातानं बरगडी दाबून हसत होती. मग मीही हसलो. बायको आतून आली, तर आम्ही दोघं हसतोय आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"भाकरीचं तर मला तवाच कळलं व्हतं," आई म्हणाली. "पर तू सांगत व्हतास, म्हनून ऐकलं. ऐकून जरा सोपं गेलं."

थोड्या वेळानं तिनं कागद मागितला. "घे, लिव्ह. आता मी सांगते."

मी सवयीनं रकाने आखायला लागलो. ती म्हणाली, "रेघोट्या नको मारू. नुसतं लिव्ह." मी लिहिलं, तिच्याच शब्दांत: 'त्या बाईची गाठ कुठं गेली ते दाखवा. बरी झाली असंल तर कशी झाली ते दाखवा. नसंल झाली तर तेबी दाखवा. लई औषधपाणी नका सांगू, ते डाक्टर सांगत्यात. घरात कुनाला कसं सांगितलं, तेवढं दाखवा. आमी बाया घाबरत न्हाई. घाबरतंय ते आमचं पोरगं.'

"शेवटचं वाक्य राहू दे का?" मी विचारलं. "म्हणजे, नको ना?"

"लिव्ह."

लिहिलं. तिनं सही केली. पहिल्या अर्जावरची सही सरळ रेषेत होती. ही खाली उतरत उतरत कागदाच्या कडेपर्यंत गेली. मी फोटो काढून मेल केला. उत्तर त्याच क्षणी आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी ते आईला वाचून दाखवलं.

"लगीच?" ती म्हणाली. "वाचलं तरी कवा?"

चैत्रात ती गेली. दुपारची वेळ होती, टीव्ही बंद होता. उशाशी बायको होती. मी औषध आणायला खाली गेलो होतो आणि दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतो. माझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी घडतात तेव्हा मी साधारण असाच काहीतरी उद्योग करत असतो.

तेराव्यानंतर तिचं कपाट आवरताना पातळांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात त्या पहिल्या अर्जाची झेरॉक्स सापडली, चार घड्या घातलेली. दुसरा अर्ज मी त्यातच ठेवला आहे.

कँटीनमध्ये मध्यंतरी पुन्हा तोच विषय निघाला. कुठल्या तरी नव्या सिरियलमध्ये कुणाच्या तरी किडन्या बिघडल्या होत्या. चौघंजण तावातावानं बोलत होते, नसते आजार घरात आणतात म्हणून. मित्र म्हणाला, "ह्याला विचारा, ह्यानं बंद पाडलं होतं एकदा." मग त्याच्याच लक्षात आलं आणि त्यानं मान खाली घालून वरणात भात कालवला. मी म्हणालो, दाखवू देत. चुकीचं दाखवतात, चष्मे काढतात, हे खरं आहे. पण आपल्या घरातल्या बाईला जे स्वतःच्या नावानं विचारता येत नाही, ते ती त्या बाईच्या नावानं विचारते. तेवढी फट राहू दे. मग डबा धुवायला उठलो.

सात वाजता आम्ही अजून टीव्ही लावतो. परवा लोणावळ्याची गाडी जात असताना बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. पूर्वी मी मनानंच काहीतरी उत्तर फेकलं असतं. आता मी टीव्हीचा आवाज बंद केला, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत थांबलो आणि उठून दारात गेलो.

"काय म्हणालीस? काय झालंय? सांग नीट."

"अहो, गॅस बंद करा म्हणत होते," ती म्हणाली. तिचे हात कणकेत होते आणि दूध ओट्यावरून खाली वाहत होतं.

मी गॅस बंद केला. फडकं घेऊन ओटा पुसला, मग फरशी. पुसता पुसता पुन्हा विचारलं, "नक्की एवढंच ना?"

तिनं बोटांची कणीक काढली आणि माझ्याजवळ खाली बसली.

"एवढंच," ती म्हणाली.